एकवीस ग्रॅमचा कारभार

तैपेईच्या शिन्यी रस्त्यावरचं ते दुकान मुळात तेलाचं. मालक यांग बिंग-यी चीनच्या शान्शी प्रांतातले, जन्म 1927चा. यादवी युद्धाने देश पेटला तेव्हा, 1948 साली, एकविसाव्या वर्षी ते तैवानला आले. ओळखदेख फारशी नाही, हाती कसब नाही. हंग ताय फंग नावाच्या तेलाच्या पेढीवर माल पोचवायचं काम मिळालं. तिथेच काम करणाऱ्या लाय पेन-मेई यांच्याशी सूत जुळलं आणि लग्न झालं. पुढे पेढीच्या मालकाने भलतीकडे पैसे गुंतवले, ते बुडाले, पेढीही बसली. 1958 साली नवरा-बायकोने स्वतःचा तेलाचा धंदा काढला. नाव ठेवताना तेल पुरवणाऱ्या दिंग मेई या पेढीतलं एक अक्षर घेतलं, जुन्या मालकाच्या पेढीतली दोन घेतली आणि पाटी लागली : ‘दिन ताय फंग’.

हेच नाव आज टोकियो, सिंगापूर, सिडनी, दुबई, लॉस एंजेलिसच्या मॉलमध्ये झळकतं. त्या पाटीखाली ताटकळणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे तेलवाल्याचं नाव आहे याची कल्पना नसते. असायचं कारणही नाही.

सत्तरच्या दशकात डबाबंद तेल बाजारात आलं आणि सुट्या तेलाचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. आपल्याकडे गावोगावच्या घाण्यांचं जे झालं तेच तिथे झालं, फक्त झपाट्याने. शांघाय पद्धतीचं हॉटेल चालवणाऱ्या एका परिचिताने सुचवलं, अर्ध्या दुकानात वाफवलेले शाओलाँगबाओ विकून बघा. 1972मध्ये दुकानाचे दोन भाग झाले. एकीकडे तेल, दुसरीकडे वेताच्या करंड्यांतून निघणारी वाफ. नवरा-बायकोला हा पदार्थ येत नव्हता, म्हणून कारागीर ठेवला. 1980पर्यंत तेलाची बाजू बंदच झाली. पाटी बदलायचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत.

शान्शीचा माणूस तैपेईत बसून शांघायकडचा पदार्थ का विकतो, याचं उत्तर तैवानच्या इतिहासात आहे. 1949 साली चँग कै-शेक यांचं सरकार मुख्य भूमी सोडून बेटावर आलं. त्याच्या आगेमागे सैनिक, कारकून, व्यापारी, मास्तर अशी लाखो माणसं आली. प्रत्येकाने आपापल्या मुलखाची जीभ बरोबर आणली. तैपेईच्या काही गल्ल्यांत सिच्वानचं तिखट, शान्तुंगच्या जाड पोळ्या आणि शांघायचं गोडसर जेवण शेजारी शेजारी मिळू लागलं. शिन्यी रस्त्याला लागून असलेली युंगकांग गल्ली त्यातलीच. घरी परत जाता येणार नाही हे कळून चुकलेल्या माणसांची ती गिऱ्हाइकी होती, आणि अशा गिऱ्हाइकाला चवीत फसवता येत नाही.

शाओलाँगबाओ पाहिल्यावर मराठी माणसाला उकडीचा मोदक आठवणं अटळ आहे. पातळ पारी, मधे सारण, कडेने कळ्या पाडत वर नेऊन मिटवलेलं तोंड. फरक असा की पारी मैद्याची, सारण डुकराच्या खिम्याचं, आणि आत चक्क रस्सा. हा रस्सा आत भरतात कसा, असं पहिल्यांदा खाणारा हमखास विचारतो. भरत नाहीतच. डुकराची कातडी आणि हाडं उकळून काढलेला अर्क थंड केला की थिजतो. ही थिजलेली वडी बारीक करून खिम्यात मिसळायची. म्हणजे भरताना सारण घट्ट, आणि उकडताना वडी वितळून पारीच्या आत रस्सा तयार. खाताना तो चमच्यात घ्यायचा, पारीला बारीक भोक पाडायचं, रस्सा आधी प्यायचा आणि मग उरलेला घास. सोबत आल्याच्या केसासारख्या चिरलेल्या काड्या, एक भाग सोया सॉस आणि तीन भाग व्हिनेगर. शान्शी प्रांत व्हिनेगरसाठी चीनभर प्रसिद्ध आहे, तेव्हा या एका बाबतीत तरी यांग आजोबांना घरच्यासारखं वाटलं असावं.

पुढची वीस वर्षं लवकर सांगून होतात. दुकान चाललं. अरुंद इमारत, तळमजल्यावर दाराशीच भटारखाना, बाजूने वर जाणारा चिंचोळा जिना, फुटपाथवर रांग. तैपेईला येणाऱ्या जपानी प्रवाशांनी ही जागा डोक्यावर घेतली. 1993 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जगातल्या दहा उत्तम उपाहारगृहांत तिची गणना केली आणि रांग आणखी लांबली. इथवरची कहाणी कुठल्याही नावाजलेल्या जुन्या दुकानाची असते तशीच आहे. पुण्या-मुंबईत अशी डझनभर सापडतील. त्यातल्या बहुतेकांच्या मालकांनी ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी पाटी लावली आणि तो अभिमानाचा विषय मानला. दिन ताय फंगने ती पाटी लावली नाही. संस्थेची खरी वाटचाल इथून पुढे सुरू होते.

तोवर सूत्रं थोरल्या मुलाकडे, यांग ची-ह्वा यांच्याकडे आली होती. जपानच्या ताकाशिमाया या जुन्या डिपार्टमेंट स्टोअर समूहाशी त्यांचं जमलं आणि 1996मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागात ताकाशिमायाच्या नव्या संकुलात देशाबाहेरची पहिली शाखा उघडली. जपानमध्ये डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यांवर जेवणघरं असण्याची परंपरा जुनी आहे. खरेदीला आलेलं कुटुंब तिथेच जेवतं, आणि ते जेवण वेळ मारून नेण्यापुरतं नसतं. रविवारी घरच्यांना घेऊन मुद्दाम जायची ती जागा असते. त्यामुळे मॉलमध्ये जाणं म्हणजे खालच्या पायरीवर उतरणं, असं त्या सौद्यात कुणालाच वाटलं नसणार. उलट परीक्षा दुकानाचीच होती. टोकियोतल्या गिऱ्हाइकाला तैपेईत खाल्लेला घास हवा, तोच, आणि रोज.

एका दुकानात चव सांभाळायला मालकाची नजर पुरते. दुसऱ्या देशात ती नेता येत नाही. नेता येतो तो तराजू. दिन ताय फंगचं सगळं गणित म्हणूनच आकड्यांत बसवलेलं आहे. पारीची लाटी पाच ग्रॅमची. सारण सोळा ग्रॅम. भरलेला नग एकवीस ग्रॅम. कळ्या अठरा. लाटी जोखली जाते, भरलेला नग जोखला जातो, आणि ग्रॅमच्या दशांशातला फरकही डोळ्याआड केला जात नाही. अठराच कळ्या का, याचं कारण हाताने करून पाहणाऱ्याला चटकन पटतं. कमी पाडल्या तर तोंड नीट मिटत नाही आणि रस्सा गळतो. जास्त पाडल्या तर सगळं पीठ शेंड्याशी गोळा होतं आणि दाताखाली कच्चट गाठ येते.

या मोजमापाला हिणवणारे लोक भेटतात. हाताच्या अंदाजात जी माया असते ती तराजूत कुठली, वगैरे. मला हे बोलणं पटत नाही. अंदाज हा ज्याच्या हातात असतो त्याच्यापुरता असतो. तो माणूस आजारी पडला, रुसला, दुसऱ्या हॉटेलात गेला की अंदाजही गेला. आपल्याकडे किती खानावळी एका आचाऱ्याबरोबर संपल्या याची गणती नाही. यांग मंडळींनी अंदाजाचं माप केलं. हात मात्र काढून घेतला नाही, यंत्र आणून बसवलं नाही, आणि हीच या संस्थेची मोठी खूण आहे. या आकाराच्या साखळीत सारणाच्या पाकिटांचा गोठवलेला माल मध्यवर्ती कारखान्यातून येणार आणि शाखेत नुसती वाफ दिली जाणार, असं कुणीही गृहीत धरेल. इथे पाऱ्या शाखेतच लाटल्या जातात आणि नग तिथेच भरले जातात.

तेही काचेआड, सगळ्यांसमोर. मॉलमधल्या शाखेत शिरण्याआधीच ही काच लागते. आत पांढऱ्या टोप्या, तोंडावर मास्क, लांब ओट्याभोवती दाटीने उभे असलेले कारागीर. एकजण पिठाची वळी हातात धरून लाट्या तोडतो आणि काट्यावर टाकतो. बहुतेक वेळा काट्याचा आकडा बरोबर येतो, नाहीतर चिमूटभर पीठ काढलं किंवा लावलं जातं. दुसरा बोटभर जाडीच्या छोट्या लाटण्याने लाटतो. लाटणं एका हाताने पुढेमागे, दुसऱ्या हाताने पारी फिरवत, त्यामुळे कडा पातळ आणि मध्य जाडसर राहतो, कारण तळाला रश्श्याचं वजन पेलायचं असतं. तिसरा पारी डाव्या तळव्यावर घेतो, लाकडी पट्टीने सारण दाबतो, काट्याकडे एक नजर टाकतो आणि उजव्या हाताची बोटं चालू होतात. अंगठा जागचा हलत नाही. फिरते ती पारी. कळ्या मोजायचा प्रयत्न करून पाहावा, सात-आठपर्यंत पोचेतो तोंड मिटलेलं असतं आणि नग करंडीत बसलेला असतो. काचेला नाक लावून उभ्या असलेल्या पोरांना आईबाप ओढून नेतात, मग स्वतःच परत येऊन उभे राहतात.

ही काच म्हणजे धंद्याची मोठीच युक्ती आहे हे कबूल करायला हवं. मॉलमध्ये गिऱ्हाईक शेकडो दारांवरून जातं. त्यातल्या एका दारापुढे त्याला थांबवायचं तर काहीतरी हलतं-चालतं दाखवावं लागतं. शिन्यी रस्त्यावर भटारखाना दाराशी होता तो जागेच्या अडचणीमुळे. मॉलमध्ये तीच अडचण खेळ झाली. शिवाय काच दोन्हीकडून चालते. बाहेर दहा डोळे लागलेले असताना आतला माणूस सतरा कळ्यांवर भागवत नाही.

रांगेचंही तसंच. नंबर घ्यायचा, अंदाजे किती वेळ लागेल ते पाटीवर वाचायचं, आणि उभ्या उभ्या कागदावर पेन्सिलने खुणा करून काय हवं ते आधीच सांगून टाकायचं. बसल्यावर पहिली करंडी लवकर येते, टेबल लवकर मोकळं होतं, पुढचा नंबर पुकारला जातो. फुटपाथवरच्या रांगेत माणूस नुसता उभा राहायचा. मॉलमध्ये तोच माणूस तासभर भटकतो, चपला बघतो, पोराला खेळणं घेतो. मॉलचा मालक अशा भाडेकरूला का चुचकारतो हे यावरून कळावं.

अमेरिकेत तर हे फार स्पष्ट दिसतं. तिथली पहिली शाखा 2000 साली लॉस एंजेलिसजवळच्या आर्केडिया गावात उघडली, यांग बिंग-यी यांचे धाकटे चिरंजीव फ्रँक यांनी. ती मॉलमध्ये नव्हती, रस्त्याकडेच्या साध्या दुकानांच्या रांगेत होती. गिऱ्हाईक बहुतेक चिनी आणि तैवानी कुटुंबं. पुढे ग्लेंडेलचं अमेरिकाना, कोस्टा मेसाचं साउथ कोस्ट प्लाझा, सँटा क्लाराचं व्हॅली फेअर अशी मोठमोठी मॉल आली, आणि आर्केडियाची शाखाही गावातल्या सँटा अनिता मॉलमध्ये हलली. हाच काळ अमेरिकी मॉलच्या उतरणीचा. सिअर्ससारखी जुनी डिपार्टमेंट स्टोअर बंद पडत होती, लोक घरबसल्या सदरे आणि बूट मागवू लागले होते. घरबसल्या न मिळणारी गोष्ट म्हणजे करंडीतून आत्ता उतरलेला गरम घास. ज्या कोपऱ्यांत पूर्वी कपड्यांची दुकानं गर्दी खेचायची तिथे आता जेवणघरांना मानाने बोलावणी येऊ लागली. 2024 साली दिन ताय फंगच्या अमेरिकेतल्या एकेका शाखेची सरासरी वार्षिक उलाढाल 2.7 कोटी डॉलरच्या घरात होती, असा टेक्नॉमिक या अभ्याससंस्थेचा अंदाज आहे. रस्त्याकडेच्या साखळी-हॉटेलांच्या तुलनेत हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा आहे. तिथला कारभार आता फ्रँक यांची मुलं बघतात, म्हणजे तिसरी पिढी.

सँटा क्लाराच्या त्या शाखेत शनिवार-रविवारी मराठी कानावर पडली नाही असं सहसा होत नाही. सनीव्हेल, क्युपर्टिनो हाकेच्या अंतरावर. सिंगापूरलाही तेच. तिथे ब्रेडटॉक समूहाने 2003 साली ऑर्चर्ड रोडवरच्या पॅरागॉन मॉलमध्ये पहिली शाखा काढली आणि मग बेटभर जाळं विणलं. भारतातून आलेल्या सासूबाईंना सिंगापूर दाखवताना सुना त्यांना इथे आणतात. मग टेबलावर रीतसर वाटाघाटी होतात. ‘अहो आई, हे पालेभाजी नि मशरूमचं आहे, मी विचारलंय.’ ‘पण उकडलंय कशात? त्याच करंडीत ना?’ शेवटी लसूण घालून परतलेल्या हिरव्या शेंगा, अंड्याचा भात आणि काकडी यांच्यावर तह होतो. त्या शेंगा, खरं सांगायचं तर, अनेकांना डंपलिंगपेक्षा जास्त आवडतात. दुबईच्या शाखेत डुक्कर नाहीच, तिथे कोंबडीचे शाओलाँगबाओ. सिंगापुरात चिली क्रॅबची लाडकी चव सारणात उतरली. कुठे ट्रफल घालतात, कुठे जेवणानंतर चॉकलेट भरलेले येतात. चॉकलेटचे मला मुळीच पटलेले नाहीत, पण टेबलावर आधी तेच संपतात.

एवढं होऊनही मेनूने आपला मुलूख सोडलेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या मॉलमधल्या कित्येक ‘मल्टिक्युझिन’ जेवणघरांचं मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं असतं. थाई करी, लसान्या, केसाडिया, शेजवान राइस आणि शेवटच्या पानावर दाल खिचडी. एका ओट्यावर पाच खंडांचा स्वयंपाक व्हायचा तर पाच सॉस बाटलीतून येणार आणि सगळ्यांत तोच कॉर्नफ्लोअर पडणार, याला इलाज नाही. गिऱ्हाइकाच्या गटात एकाला हे हवं, एकाला ते, म्हणून असं करावं लागतं, असं हॉटेलवाले सांगतात, आणि त्यांचंही खोटं नाही. पण परदेशी जेवण म्हणून मॉलमध्ये जे खपतं त्याची चव सगळीकडे एकसारखी का, याचं उत्तर त्याच ओट्यावर आहे. मॉलच्या माथी मारलेला दोष पुष्कळदा मेनूकार्डाचा असतो.

हाँगकाँगच्या त्सिम शा त्सुई भागातल्या सिल्व्हरकॉर्ड या शॉपिंग सेंटरमधल्या शाखेला 2010च्या मिशलिन गाइडमध्ये एक तारा मिळाला. पांढरी टेबलक्लॉथं नाहीत, वाइनची यादी घेऊन वाकणारा माणूस नाही, बाहेर टोकनची रांग, आणि तारा. त्या वेळी भुवया उंचावल्या होत्या. पुढे मॉलमधली, रस्त्यावरची, अगदी बाजारातल्या गाळ्यांवरची ठिकाणंही त्या पुस्तकात येऊ लागली आणि नवल ओसरलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बाहेरदेशी बहुतेक ठिकाणी कारभार स्थानिक भागीदाराच्या हाती असतो. नाव आणि पद्धत तैपेईची, पैसा आणि परवाने त्यांचे. 2024च्या ऑगस्टमध्ये उत्तर चीनमधल्या अशाच भागीदार कंपनीने चौदा शाखा बंद करत असल्याचं जाहीर केलं. बीजिंगमधल्या शाखाही त्यात होत्या. कंपनीच्या परवान्याची मुदत संपली होती आणि तो वाढवण्यावर संचालकांचं एकमत झालं नाही, असं कारण दिलं गेलं. गिऱ्हाइकाची चव तिथे बदलली होती, मंदी होती, स्वस्तात तोच पदार्थ देणारी दुकानं गल्लोगल्ली होती, अशीही चर्चा झाली. शांघायकडच्या शाखा दुसऱ्या कंपनीकडे असल्याने चालू राहिल्या. उत्तरेकडून परागंदा झालेल्या माणसाची पाटी उत्तरेतूनच उतरली. ते बघायला यांग बिंग-यी नव्हते. 2023च्या मार्चमध्ये वयाच्या 96व्या वर्षी ते वारले.

शिन्यी रस्त्याच्या मूळ जागेत आता बसून खाता येत नाही, तिथून पदार्थ बांधून नेता येतात. बसून खायचं तर त्याच रस्त्यावर नवी, ऐसपैस शाखा आहे, नाहीतर तैपेई 101च्या तळघरातल्या मॉलमध्ये जावं. 2024च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर साडेचारशेच्या आसपास माणसं बसतील एवढं प्रचंड दालन उघडलं, काचेचा चौकोनी दरवाजा, खाली उतरणारा जिना, कॉकटेलचा बार. चिंचोळ्या जिन्याच्या दुकानाची ती शाखा आहे हे सांगावं लागतं. एका करंडीची किंमतही आता तशीच आहे. मजूर-कारकुनांच्या न्याहारीचा पदार्थ इथवर आला याचं मला कौतुक वाटतं आणि थोडं खटकतंही, आणि या दोन्हींचा मेळ घालायच्या भानगडीत मी पडत नाही.

भारतात अजून ही पाटी लागलेली नाही. लागलीच तर मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये पहिला प्रश्न शाकाहारी रश्श्याचा येईल. आत्ताचे भाजीचे डंपलिंग कोरडे असतात, कारण थिजणारा अर्क कातडी-हाडांचा. पण तोडगा आपल्या डब्यातच आहे. चायना ग्रास, म्हणजे अगर, समुद्री शेवाळापासून निघतं. भाज्यांचा अर्क त्यात घट्ट बसतो, साधारण 85 अंशांना वितळतो आणि पुन्हा थिजायला चाळीसच्या खाली उतरावं लागतं. म्हणजे करंडीतून तोंडात जाईपर्यंत रस्सा पातळच राहील. गोडाची जेली करताना ज्यांनी ते उकळलं आहे त्यांना हे ठाऊक आहे. एकवीस ग्रॅमचा हिशेब मात्र नव्याने मांडावा लागेल, कारण भाजीला पाणी सुटतं, खिम्याला तितकं सुटत नाही.